दगडाखालची चिठ्ठी

तुमच्या किंवा आजीच्या घरी देवघरात शाळिग्राम असेल, तर मोठ्यांना विचारून तो एकदा हातात घ्या आणि नीट बघा. काळा, गुळगुळीत, मुठीत मावेल एवढा दगड. एखाद्या शाळिग्रामाला भोक असतं. त्यातून आत बॅटरीचा उजेड टाकला, की गोल गोल वळत गेलेल्या रेघा दिसतात. घरातली मोठी माणसं त्याला चक्र म्हणतात. हे चक्र कुणी छिन्नीने कोरलेलं नाही. अमोनाइट नावाच्या समुद्री प्राण्याच्या शंखाचा तो ठसा आहे! अमोनाइट म्हणजे आजच्या म्हाकूळ आणि ऑक्टोपस यांचा लांबचा भाऊबंद. डायनोसॉर संपले त्याच सुमाराला अमोनाइटही पृथ्वीवरून नाहीसे झाले.

आणि शाळिग्राम सापडतात कुठे? नेपाळात, काली गंडकी नदीच्या पात्रात. समुद्र तिथून शेकडो किलोमीटर लांब आहे. पण १४ ते १६ कोटी वर्षांपूर्वी तिथे टेथिस नावाचा समुद्र होता. मेलेल्या अमोनाइटांचे शंख त्याच्या तळाच्या गाळात पुरले गेले आणि गाळाचा दगड झाला. पुढे भारताचा भूखंड सरकत सरकत आशियाला धडकला, समुद्राचा तळ वर उचलला गेला आणि हिमालय उभा राहिला. आता नदी त्याच डोंगरातले दगड फोडून खाली आणते.

आता एक गंमत करा. वरच्या परिच्छेदातून 'काली गंडकी' आणि 'नेपाळ' हे शब्द खोडून टाका. काय उरलं? एक काळा दगड आणि त्यात एक सुंदर ठसा. समुद्र गेला, हिमालयही गेला! दगड कुठे सापडला हे माहीत होतं, म्हणून तर एवढी मोठी गोष्ट आपल्याला कळली. म्हणून जीवाश्मांचा, म्हणजे दगडात टिकून राहिलेल्या प्राणी-वनस्पतींच्या अवशेषांचा, संग्रह करायची हौस ज्यांना आहे, त्यांना मी पहिल्यांदा एकच गोष्ट सांगते. दगड जमवण्याआधी चिठ्ठ्या लिहायला शिका.

हे फार पूर्वी ओळखलेल्या तीन बहिणींची ओळख करून देते. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर लाइम रीजिस नावाचं छोटं गाव आहे. गावाच्या दोन्ही बाजूंना समुद्राला लागून करडे, उभे कडे आहेत. चुनखडीचा एक थर, त्यावर चिखलाच्या मऊ दगडाचा थर, पुन्हा चुनखडी, पुन्हा चिखल. हे थर सुमारे २० कोटी वर्षांपूर्वी, जुरासिक काळात, समुद्राच्या तळाशी साचले. हिवाळ्यात वादळं आली, की लाटा कड्याचा पायथा पोखरतात, दरडी कोसळतात, मऊ चिखल वाहून जातो आणि जीवाश्म किनाऱ्यावर उघडे पडतात.

१८०५ साली या गावात फिलपॉट आडनावाच्या तीन बहिणी राहायला आल्या. मेरी, मार्गारेट आणि एलिझाबेथ. तिघींनाही जीवाश्मांचं वेड लागलं. त्यातही एलिझाबेथला माशांच्या जीवाश्मांचं फार. त्यांच्या घरात काचेचं झाकण असलेल्या पेट्या होत्या, पेट्यांखाली उथळ खण होते आणि प्रत्येक जीवाश्माजवळ एक छोटीशी चिठ्ठी होती. मोठमोठे शास्त्रज्ञ हा संग्रह बघायला त्यांच्या घरी येत. १८३४ साली लुई अगासी हे माशांच्या जीवाश्मांचे नामवंत अभ्यासक आले आणि त्यांनी एका माशाला चक्क फिलपॉट यांचं नाव दिलं. आज तो संग्रह ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात आहे. बहिणींना जाऊन दीडशेहून जास्त वर्षं झाली, तरी शास्त्रज्ञ अजून ते नमुने अभ्यासाला घेतात.

एलिझाबेथची एक मैत्रीण होती, तिच्याहून जवळजवळ वीस वर्षांनी लहान. मेरी अ‍ॅनिंग. हे नाव तुमच्यापैकी काहींनी ऐकलं असेल. मेरीचे बाबा सुतार होते. किनाऱ्यावर सापडलेले जीवाश्म ते गावात आलेल्या पाहुण्यांना विकायचे. १८१० साली ते वारले आणि घरात पैशांची फार ओढाताण सुरू झाली. मग मेरी आणि तिचा भाऊ जोसेफ जीवाश्म शोधून विकू लागले. १८११ साली जोसेफला दातांनी भरलेला एक लांबलचक जबडा आणि कवटी सापडली. पुढच्या वर्षी मेरीने त्याचं बाकीचं धड शोधून काढलं. पाच मीटरहून लांब! तेव्हा ती होती फक्त बारातेरा वर्षांची.

एलिझाबेथ आणि मेरी दोघी मिळून किनाऱ्यावर हिंडायच्या. १८२६ साली मेरीला एका बेलेम्नाइटमध्ये एक वाळलेली काळी गाठ दिसली. बेलेम्नाइट हाही म्हाकुळाचाच नातेवाईक. संकट आलं की म्हाकूळ पाण्यात शाई सोडतो, हे तुम्हाला माहीत असेल. ती गाठ म्हणजे बेलेम्नाइटची शाईची पिशवी होती. एलिझाबेथने ती पूड करून पाण्यात कालवली, तर काय, खरोखरची तपकिरी शाई तयार! १८३३ साली तिने एका पत्रात इक्थिओसॉर नावाच्या समुद्री प्राण्याच्या कवटीचं चित्र काढून पाठवलं, तेही असल्याच शाईने. जुरासिक काळातल्या प्राण्याचं चित्र जुरासिक काळातल्याच शाईने! मला तर हे वाचताना दरवेळी अंगावर रोमांच येतात.

पण या गोष्टीत एक दुखरी जागाही आहे. मेरीला सापडलेले कितीतरी जीवाश्म श्रीमंत लोकांनी विकत घेतले आणि पुढे संग्रहालयांना दिले. संग्रहालयात त्यांच्याखाली जी चिठ्ठी लागली, तिच्यावर नाव आलं देणगीदाराचं. पावसाथंडीत, कोसळत्या कड्याखाली उभं राहून ते ज्या मुलीने खणून काढले, तिचं नाव कुठेच नाही. १८३३ साली अशाच एका दरडीखाली तिचा लाडका कुत्रा ट्रे तिच्या डोळ्यांदेखत गाडला गेला होता. एवढं सगळं सोसून शोधलेल्या वस्तूवर शोधणाऱ्याचं नाव नसावं, हा मला अन्याय वाटतो. तुमच्या वहीत तरी तो होऊ देऊ नका. बहिणीने शोधला असेल तर बहिणीचं नाव, गाईवाल्या काकांनी दाखवला असेल तर काकांचं.

चिठ्ठीवर काय काय लिहायचं ते आता सांगून टाकते. तुमच्या संग्रहातला क्रमांक, सापडल्याचं ठिकाण, तारीख, शोधणाऱ्याचं नाव. ठिकाण म्हणजे नुसतं 'चंद्रपूर जिल्हा' नाही. गाव, गावापासूनची दिशा, ओढा की टेकडी, कोणत्या थराजवळ. शेवटी जीवाश्माचं नाव, माहीत असेल तर. माहीत नसेल तर तिथे प्रश्नचिन्ह टाका आणि बिनधास्त पुढे जा.

"नावच नाही लिहिलं तर मग उपयोग काय?" असं तुम्ही विचाराल. ऐका. मेरी आणि जोसेफने शोधलेल्या त्या प्राण्याला लोक आधी मगर म्हणत होते. नंतर कळलं की ती मगर नाही, पाण्यात राहणारा एक निराळाच सरपटणारा प्राणी आहे, आणि मग त्याला इक्थिओसॉर नाव मिळालं. आता आपल्या मुंबईतलं उदाहरण घ्या. हो, मुंबईतलं! वरळीच्या टेकडीत काळ्या, पापुद्रे निघणाऱ्या दगडात छोट्या छोट्या बेडकांचे सांगाडे सापडले होते. १८४७ साली रिचर्ड ओवेन या इंग्रज शास्त्रज्ञाने त्यांचं वर्णन लिहिलं आणि त्यांना 'राना पुसिला' म्हटलं. 'डायनोसॉर' हा शब्द ज्यांनी जगाला दिला, तेच हे ओवेन. १९३० साली दुसऱ्या शास्त्रज्ञाला कळलं, की हा बेडूक राना जातीचा नाहीच. मग त्याचं नाव 'इंडोबॅट्राकस' झालं. नाव बदललं, पण 'वरळी' हा शब्द मात्र चिठ्ठीवर जसाच्या तसा राहिला. नाव नंतर कुणीही दुरुस्त करू शकतं. ठिकाण एकदा हरवलं की जगातला सगळ्यात हुशार शास्त्रज्ञसुद्धा ते परत आणू शकत नाही.

वरळीला बेडूक आले कुठून, हा प्रश्न तुमच्या डोक्यात आला असेलच. आपला सह्याद्री, आपलं दख्खनचं पठार हे सगळं ज्वालामुखीच्या लाव्हाचं. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पसरले. तापलेल्या लाव्हात जीवाश्म कसे टिकणार? म्हणून पुणे, सातारा, नाशिककडच्या काळ्या कातळात तुम्ही कितीही शोधलंत तरी हाती काही लागत नाही. पण दोन उद्रेकांच्या मध्ये कधीकधी बराच काळ जायचा. तेवढ्यात लाव्हावर तळी साचायची, झाडं उगवायची, बेडूक आणि गोगलगायी राहायला यायच्या. मग पुन्हा लाव्हा यायचा आणि तळ्याचा गाळ दोन थरांमध्ये झाकून टाकायचा. वरळीचे बेडूक अशाच गाळातले. नागपूरजवळ टाकळीला अशाच गाळात गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे शंख, वनस्पती आणि किडेसुद्धा सापडले. ते एकोणिसाव्या शतकात स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर या दोन मिशनऱ्यांनी जमवले होते. हिस्लॉप नागपुरात शाळा चालवत आणि फावल्या वेळात दगड शोधत फिरत.

आता ओळखण्याकडे वळू. तुम्हाला एक दगड मिळाला आणि त्यात काहीतरी 'दिसतंय'. तो जीवाश्म आहे का? पुष्कळदा नसतो. दोन थरांच्या फटीत काळ्या रंगाची नाजूक फांद्याफांद्यांची नक्षी दिसते आणि सगळ्यांना वाटतं की हे नेचं आहे. बहुतेक वेळा ते मँगनीजचं खनिज असतं. पाणी फटीत झिरपताना ते असं पसरत गेलेलं असतं. भिंगातून बघा. खऱ्या पानाला मधली शीर असते, पानांची मांडणी ठरावीक असते. खनिजाच्या फांद्या वाटेल तशा फुटतात आणि त्यांना ना देठ असतो ना शीर. आपल्याकडच्या अगेट दगडांत हिरवट शेवाळ अडकल्यासारखं दिसतं, तेही खनिजच. प्राणी आणि वनस्पती यांच्या शरीरात एक शिस्त असते. डावी बाजू उजवीसारखी, किंवा एकच आकार ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा. लाइम रीजिसजवळ समुद्रकमळांच्या देठांचे तुकडे मिळतात. एक तुकडा आडवा धरला तर त्याच्या तोंडावर बारीकशी पाच टोकांची चांदणी दिसते. दुसरा तुकडा घ्या, तशीच चांदणी. अशी अचूक पाच टोकं पुन्हा पुन्हा आली, की समजा हे सजीवाचं काम.

अमोनाइट आणि गोगलगाय यांत लोकांचा गोंधळ उडतो. गोगलगायीचा शंख एका बाजूला उंच होत जातो. बहुतेक अमोनाइट सपाट गुंडाळलेले असतात, दोन्ही बाजूंनी सारखेच दिसतात. शिवाय अमोनाइट कापला तर आत भिंती घालून केलेल्या खोल्या असतात. प्राणी फक्त शेवटच्या, सगळ्यात मोठ्या खोलीत राहायचा.

दगडात शंखच मिळेल असंही नाही. कधी शंख विरघळून जातो आणि फक्त त्याची पोकळी राहते. कधी त्या पोकळीत दुसरं खनिज भरतं आणि शंखाची नक्कल तयार होते. मोदकाचा साचा आणि त्यातून निघालेला मोदक, तसंच हे. साच्यावर कळ्या आत असतात, मोदकावर बाहेर. तुमच्या दगडातल्या रेघा उंच आहेत की खोल, ते बोट फिरवून बघा, म्हणजे हातात साचा आहे की मोदक ते कळेल. उजेड वरून पाडू नका. खोलीत अंधार करा आणि बॅटरी दगडाच्या बाजूने, जवळजवळ आडवी धरा. मघाशी कोरा वाटणारा दगड अचानक बोलायला लागतो. प्रत्येक उंचवट्याची सावली पडते आणि बारीकातली बारीक रेघ उठून दिसते.

काही जीवाश्म दिसायला अगदीच ओबडधोबड असतात. चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुरा नावाचं गाव आहे. तिथे दगड झालेली विष्ठा सापडते. नाक मुरडू नका, आता तिला वास येत नाही! शास्त्रज्ञ तिला कॉप्रोलाइट म्हणतात. असल्या दगडांचं रहस्य उलगडायलाही मेरी अ‍ॅनिंगचीच मदत झाली होती. इक्थिओसॉरच्या पोटाच्या जागी असे दगड मिळतात आणि ते फोडले तर आत माशांचे खवले असतात, हे तिने पाहिलं होतं. पिसदुराला त्याच परिसरात टायटॅनोसॉर या लांब मानेच्या डायनोसॉरांची हाडंही सापडतात. २००५ साली भारतीय आणि परदेशी शास्त्रज्ञांनी मिळून या कॉप्रोलाइटांचा अभ्यास जाहीर केला. त्यात गवताचे सूक्ष्म, काचेसारखे कण निघाले! डायनोसॉरांच्या काळात गवत नव्हतं, असं तोपर्यंत मानलं जायचं. आता विचार करा. एखाद्याने तसला एक दगड उचलून खिशात घातला असता, घरी आणून फुलदाणीशेजारी ठेवला असता आणि तो कुठून आणला ते विसरून गेला असता, तर डायनोसॉरांचं जेवण आपल्याला कसं कळलं असतं?

म्हणूनच उचलण्याबाबत नियम हवेत, आणि ते मला मनापासून पटतात. लाइम रीजिसच्या किनाऱ्यावर सुटे पडलेले जीवाश्म लोकांना गोळा करता येतात, कारण ते उचलले नाहीत तर लाटा त्यांचा चुरा करतात. कडा मात्र खणायचा नाही. आणि काही खास सापडलं तर जवळच्या चारमथ गावातल्या केंद्रात त्याची नोंद करायची. आपल्याकडे गडचिरोलीत सिरोंच्याजवळ वडधम इथे किंवा मध्य प्रदेशात घुघुआला जीवाश्म उद्यानं आहेत. तिथला खडासुद्धा उचलायचा नाही. फोटो काढा, शेजारी पट्टी ठेवून काढा म्हणजे माप कळेल, वहीत चित्र काढा. फोटोंचा संग्रह हाही संग्रहच, आणि तोही चिठ्ठ्यांसकट. शेतात किंवा विहीर खणताना काही विलक्षण निघालं, तर ते फोडू नका, जागेवरून हलवू नका. जवळच्या महाविद्यालयातल्या भूगर्भशास्त्राच्या शिक्षकांना कळवा. विकत घेताना तर फारच जपा. ट्रायलोबाइट नावाच्या समुद्री प्राण्याचे मोरोक्कोचे म्हणून विकले जाणारे पुष्कळ जीवाश्म रेझिन ओतून बनवलेले असतात. इंग्लंडातल्या व्हिटबी गावात तर पूर्वी अमोनाइटवर सापाचं तोंड कोरून तो दगड झालेला साप म्हणून विकत!

मांडणीला फार खर्च येत नाही. खणाखणांचा बांगड्यांचा डबा किंवा मिठाईचा पुठ्ठ्याचा खोका मस्त चालतो. तळाशी कापूस नको, त्याचे तंतू खरखरीत दगडात अडकतात. फोमचा तुकडा किंवा घडी घातलेला मऊ कागद ठेवा. जीवाश्माच्या मागच्या बाजूला, जिथे नक्षी नाही तिथे, पांढऱ्या रंगाचा एक छोटा ठिपका द्या. वाळला की त्यावर काळ्या शाईने क्रमांक घाला. तोच क्रमांक चिठ्ठीवर आणि तोच वहीत. चिठ्ठी हरवली तरी वही आहे, आणि खोका सांडून सगळी सरमिसळ झाली तरी दगडावरचा आकडा आहे. चकाकी यावी म्हणून व्हार्निश लावू नका. त्याने बारीक रेघा बुजतात आणि पुढे कुणाला नीट तपासता येत नाही.

आपल्याकडच्या पावसाळ्यात एक गोष्ट खास सांभाळायची. लाइम रीजिस आणि चारमथचे काही छोटे अमोनाइट सोनेरी चकाकतात. त्यांच्यात पायराइट असतं, म्हणजे लोह आणि गंधक यांचं संयुग. हवा दमट झाली की ऑक्सिजन आणि पाण्याशी त्याची क्रिया होते आणि त्यातून गंधकाम्ल तयार होतं. आधी जीवाश्मावर पांढरीपिवळी पूड धरते, मग त्याला तडे जातात आणि शेवटी त्याचा भुगा होतो. ते आम्ल खालच्या खोक्याला आणि चिठ्ठीलाही खातं, कागद तपकिरी होऊन तुटायला लागतो. असा नमुना कुणी भेट दिला, तर तो घट्ट झाकणाच्या डबीत ठेवा, सोबत नव्या बुटांच्या खोक्यात मिळते ती सिलिका जेलची पुडी टाका आणि चिठ्ठी डबीच्या बाहेर चिकटवा.

पण सुरुवात करायला लाइम रीजिस कशाला हवं? कोकणात गेलात तर किनाऱ्यावर वाळू आणि शिंपले एकमेकांना घट्ट चिकटून झालेला दगड काही ठिकाणी दिसतो. काही हजार वर्षांचाच, पण गाळाचा दगड कसा बनतो ते तिथे उघड्या डोळ्यांनी बघता येतं. घरी आलात की किनाऱ्यावरचा एक रिकामा शिंपला मळलेल्या मातीत दाबा, अलगद काढा आणि त्या खळग्यात प्लास्टर ऑफ पॅरिस ओता. वाळलं की माती सोडवा. हा तुमच्या संग्रहातला क्रमांक १. चिठ्ठीवर किनाऱ्याचं नाव, तारीख आणि तुमचं नाव घाला. त्याखाली 'प्लास्टरचा ठसा' असंही ठळक लिहा, म्हणजे पुढे कधी ही पेटी दुसऱ्या कुणाच्या हातात गेली तर कुणी त्याला खरा जीवाश्म समजणार नाही.